चार इंजिनांचे विमान निवडावे का? विदर्भातील गावांतून परदेशी निघणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

आर्वी, दारव्हा, मोर्शी, चिखली अशा तालुक्यांतील गावांतून आज कितीतरी आईवडील मुलांना भेटण्यासाठी लंडन, म्युनिक, सिडनी किंवा न्यू यॉर्कला निघतात. सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आल्यावर तिकिटाचा विषय निघतो, आणि समुद्रावरून जायचे असल्याने चार इंजिनांचे मोठे विमान घ्यावे की दोन इंजिनांचे कोणतेही चालेल, हा प्रश्न घरात हमखास विचारला जातो. माझे मत असे आहे की केवळ सुरक्षिततेच्या विचाराने चार इंजिने शोधू नयेत. आपल्या मार्गावर असे विमान मिळत असेल, तर बसण्याच्या सोयीसाठी ते अवश्य घ्यावे. मात्र त्याच्यासाठी एक जास्तीचा विमानबदल पत्करू नये.

सुरक्षिततेविषयीची समजूत जुन्या काळातील नियमातून आली आहे. दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून साठ मिनिटांपेक्षा दूर जाऊ नये, असे पूर्वी बंधन होते, आणि त्यामुळे महासागर ओलांडण्याचे काम मुख्यतः चार इंजिनांच्या विमानांकडे असे. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर गेली, पुढे १८० झाली, आणि दोन इंजिनांच्या एअरबस ए३५० ला तर ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली आहे. शिवाय चार इंजिने असली म्हणजे चारही चालूच राहतात असेही नाही. २४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ ची चारही इंजिने जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेमुळे बंद पडली होती. ती पुन्हा सुरू करून वैमानिकांनी विमान जकार्ताला सुखरूप उतरवले. ४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या एअरबस ए३८० या चार इंजिनांच्या दुमजली विमानाचे एक इंजिन सिंगापूरहून निघाल्यावर थोड्याच वेळात फुटले, आणि तेव्हाही आतील ४६९ जण सुखरूप परतले. विमानाची देखभाल आणि वैमानिकांचे प्रशिक्षण यांचे मोल इंजिनांच्या संख्येपेक्षा मोठे आहे.

ज्येष्ठांच्या मनात परदेशी जाणारे विमान म्हणजे एअर इंडियाचे जम्बो (बोइंग ७४७) हे चित्र पक्के आहे. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ आणि १९७१ मध्ये बोइंग ७४७ आणले, आणि ही दोन्ही विमाने चार इंजिनांची होती. आता तो काळ संपला आहे. एअर इंडियाची शेवटची ७४७ विमाने विकली गेली असून, एप्रिल २०२४ मध्ये त्यांतील एकाने मुंबईचा निरोप घेतला. म्हणजे चार इंजिनांचे विमान हवे असेल तर परदेशी कंपनीचेच तिकीट काढावे लागते.

लंडनला जाणाऱ्यांपुढे प्रामुख्याने दोन पर्याय येतात, आणि आपल्या भागासाठी ही तुलना सर्वांत महत्त्वाची आहे. एमिरेट्सकडे ए३८० चा सर्वांत मोठा ताफा आहे. जगात प्रवासी कंपन्यांना दिल्या गेलेल्या २५१ पैकी १२३ विमाने एकट्या एमिरेट्सने घेतली. ही कंपनी मुंबई-दुबई मार्गावरही ए३८० चालवत आली आहे आणि दुबईहून लंडनला दिवसातून अनेकदा हेच विमान जाते, त्यामुळे दोन्ही टप्प्यांत दुमजली विमान मिळू शकते. मात्र आपल्याला आधी मुंबई गाठावी लागते. विदर्भ एक्सप्रेसने किंवा अमरावती एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करायचा, सामान घेऊन स्थानकावरून विमानतळावर जायचे आणि तिथे पुन्हा थांबायचे, हे साठी उलटलेल्या माणसाला फार जड जाते. नागपूर ते मुंबई विमानाचे वेगळे तिकीट काढल्यास आणखी एक धोका असतो: ते विमान उशिरा पोहोचून पुढचे चुकले, तर वेगळ्या तिकिटामुळे पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही.

कतार एअरवेज नागपूरहूनच दोहाला नेते. हा पहिला टप्पा दोन इंजिनांच्या विमानाचा असतो, पण दोहा-लंडन मार्गावरील काही फेऱ्यांना ही कंपनी ए३८० वापरते. सामान नागपूरला दिले की थेट लंडनला मिळते, आणि मध्ये विमान एकदाच बदलावे लागते. यात एक फायदा असा आहे की ज्याची माहिती तिकीट काढणारेही क्वचितच देतात. कतारच्या ए३८० मध्ये इकॉनॉमीच्या काही जागा वरच्या मजल्यावर, मागच्या भागात आहेत, आणि तिथे एका ओळीत दोन-चार-दोन अशी मांडणी असते. खालच्या मजल्यावर ती तीन-चार-तीन असते. वरच्या मजल्यावर खिडकीकडच्या दोन जागा मिळाल्या तर नवरा-बायको दोघेच शेजारी बसतात, रात्री उठताना तिसऱ्या माणसाला उठवावे लागत नाही, आणि खिडकीखालच्या कप्प्यात औषधांची पिशवी हाताशी राहते. एमिरेट्सच्या तीन किंवा चार वर्गांच्या ए३८० मध्ये वरचा मजला महागड्या वर्गांसाठी राखलेला असल्याने साध्या तिकिटावर ही सोय मिळत नाही. गावाहून लंडनला निघालेल्या वृद्ध जोडप्याला मी कतारच सुचवेन.

जर्मनीसाठी लुफ्तान्साचा विचार करावा. बोइंगने ७४७ चे शेवटचे विमान जानेवारी २०२३ मध्ये सुपूर्द केले आणि तेही मालवाहू होते. ७४७-८ हे प्रवासी विमान नियमित सेवेसाठी लुफ्तान्सा, कोरियन एअर आणि एअर चायना या तीनच कंपन्यांनी घेतले. लुफ्तान्साने १९ घेतली आणि भारतात बंगळूर व दिल्लीच्या मार्गांवरही वापरली आहेत. करोनाच्या काळात उभी करून ठेवलेली ए३८० विमानेही तिने २०२३ पासून म्युनिकहून पुन्हा उडवली, कारण बोइंगचे नवे ७७७-९ वेळेवर आले नाही. दिल्ली-म्युनिक मार्गावरही ए३८० आलेले आहे. ज्याला जम्बोमध्ये एकदा तरी बसायचे आहे, त्याने हा बेत फार पुढे ढकलू नये. तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नव्या दोन इंजिनांच्या ७८७ व ए३५० मध्ये आतील हवेचा दाब सुमारे ६,००० फूट उंचीइतका राखला जातो, तर जुन्या रचनेच्या विमानांत तो ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका कमी होऊ शकतो. ज्यांना दम लागतो किंवा ज्यांचे पाय सुजतात, त्यांनी डॉक्टरांशी बोलून नव्या विमानालाच प्राधान्य द्यावे.

ऑस्ट्रेलियासाठी माझा कौल सिंगापूर एअरलाइन्सला आहे. २५ ऑक्टोबर २००७ रोजी सिंगापूर-सिडनी मार्गावर ए३८० ची पहिली प्रवासी सेवा याच कंपनीने सुरू केली. मुंबई आणि दिल्ली या दोन्ही ठिकाणी तिचे ए३८० येत आले आहे. आखातातून सिडनीला जायचे म्हणजे आधी पश्चिमेला जाऊन पुन्हा भारतावरूनच पूर्वेला यायचे, आणि दुसरा टप्पा सुमारे चौदा तासांचा होतो. सिंगापूरमार्गे प्रवास दोन बेताच्या टप्प्यांत विभागला जातो. तिच्या ए३८० मध्ये ४७१ जागा आहेत, म्हणजे एवढ्या मोठ्या विमानाच्या मानाने गर्दी कमी. क्वांटासचे ए३८० भारतात येत नाही, त्यामुळे त्याचा वेगळा विचार करण्याची गरज नाही.

अमेरिकेसाठी मात्र चार इंजिनांचा आग्रह सोडावा. ब्रिटिश एअरवेजकडे १२ ए३८० आहेत आणि त्यांतही इकॉनॉमीच्या काही जागा वरच्या मजल्यावर आहेत, पण ती लंडनहून पुढच्या टप्प्यालाच मिळतात, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विमान बदलणे इंग्रजी न येणाऱ्या माणसाला कठीण जाते. दिल्ली किंवा मुंबईहून थेट न्यू यॉर्कला नेणारे दोन इंजिनांचे विमान तिथे अधिक सोयीचे. पाकिस्तानचे हवाई क्षेत्र भारतीय कंपन्यांना बंद झाल्यापासून एअर इंडियाच्या काही फेऱ्यांना वाटेत इंधनासाठी थांबावे लागले आहे, म्हणून थांबा आहे का हे आधी विचारावे.

एअर फ्रान्स, मलेशिया एअरलाइन्स, थाई आणि चायना सदर्न यांनी ए३८० सोडून दिले; केएलएम आणि क्वांटास यांची ७४७ प्रवासी विमाने २०२० मध्ये निवृत्त झाली. चार इंजिनांचे इंधन आणि देखभाल परवडेनाशी झाली, हे यामागचे मुख्य कारण आहे.

तिकीट काढताना एजंटला विमानाचा प्रकार विचारावा. आरक्षणाच्या पडद्यावर ए३८० साठी ३८८, ७४७-८ साठी ७४एच आणि ए३४०-६०० साठी ३४६ अशी खूण दिसते, तर ७७डब्ल्यू म्हणजे दोन इंजिनांचे बोइंग ७७७. कंपनी आयत्या वेळी विमान बदलू शकते आणि त्याची भरपाई मागता येत नाही. बदल झाल्यास वरच्या मजल्यावर निवडलेल्या दोन जागाही जातात. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी आणि पुन्हा दोन दिवस आधी आरक्षण उघडून पाहावे. व्हीलचेअर आणि शाकाहारी जेवणाची मागणी तिकिटाच्या वेळीच नोंदवून घ्यावी, आणि ती दोन्ही टप्प्यांसाठी नोंदली गेली आहे का, हे मुलाने किंवा मुलीने स्वतः तपासावे.