टॅली चालू, यूट्यूब बंद: कोणत्या टेबलाला कोणता उपाय?

इंदूरच्या सियागंजातला किराणा-मसाल्याचा ठोक व्यापारी असो की सांवेर रोडवरचा छोटा कारखानदार, आम्हा कॉम्प्युटरवाल्यांकडे फर्माईश ठरलेली: "नेट बंद करून द्या, पण टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि प्रिंटर चालले पाहिजेत." ऐकायला एकच काम वाटतं. पण प्रत्येक टेबलाचं उत्तर वेगळं निघतं. सगळ्या मशीनवर एकच औषध मारलं की महिन्याच्या २० तारखेला, जीएसटी रिटर्नच्या दिवशी, मुनीमजी हाका मारायला लागतात.

आधी बिलिंग काउंटर. टॅलीचा डेटा आतल्या मोठ्या मशीनवर असेल आणि मल्टियूजर लायसन्सही तिथेच असेल, तर काउंटरला बाहेरचं सहसा काही लागत नाही. अशा ठिकाणी मला सगळ्यात पसंत उपाय म्हणजे आयपी पत्ता हाताने भरायचा आणि डिफॉल्ट गेटवेचा रकाना कोरा सोडायचा. घराबाहेर पडायचा दरवाजाच माहीत नसल्यावर मशीन घरातल्या घरात फिरतं. शेअर केलेली फोल्डरं, प्रिंटर, टॅली सगळं चालतं, आणि पोरांनी कुठलाही ब्राउझर आणून टाकला तरी तो बाहेर जात नाही. खर्च शून्य.

यात एक मेख आहे. आता बरीच फायबर कनेक्शनं आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) सुद्धा देतात, आणि राउटर तो रस्ता मशीनला आपणहून सांगतो. तुम्ही गेटवे काढता तो आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा. मग दुकानाची अर्धी कामं बंद आणि यूट्यूब मात्र मजेत चालू, असा चमत्कार दिसतो, कारण गूगलच्या सेवा आयपीव्ही६ वरही चालतात. नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आयपीव्ही६ ची टिक काढायची. दुसरी अडचण अपडेटची: विंडोज आणि अँटिव्हायरस दोन्ही जुने होत जातात. जिथे पेनड्राइव्ह या मशीनमधून त्या मशीनमध्ये हिंडत असतात, तिथे अधूनमधून गेटवे भरून अपडेट उरकून घ्यावेच लागतात.

उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर मात्र हा उपाय काउंटरवर चालेलच असं नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून त्या मर्यादेवर व्यापाऱ्याला दिलेल्या बिलाला ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं, आणि टॅलीप्राइम ते बिल करतानाच नेटवरून काढतं. म्हणजे टॅलीला बाहेर जाऊ द्यायचं, ब्राउझरला नाही. यासाठी विंडोजच्या फायरवॉलमध्ये क्रोम आणि एजसाठी बाहेर जाणारी जोडणी अडवणारा नियम करावा. नियम एकेका प्रोग्रामपुरता असतो, त्यामुळे उद्या कोणी ऑपेरा टाकला तर तो सुटला. खोटा प्रॉक्सी, म्हणजे नेटसाठी अस्तित्वात नसलेला मधला पत्ता, भरून ठेवणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत, पण ती टिक कुणीही काढतो आणि फायरफॉक्समध्ये तर स्वतःची वेगळी सेटिंग असते. साइटची नावं अडवायला वापरतात त्या विंडोजच्या होस्ट्स फाइलचं तर नावच नको. एकेक साइट हाताने लिहायची, आणि "एवढ्या सोडून बाकी सगळ्या बंद" असं त्यात सांगताच येत नाही.

खरी डोकेदुखी मुनीमजींच्या टेबलाची. त्यांना जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, आयकर, बँक एवढं हवं, बाकी काही नको. इथे क्रोम आणि एजची पॉलिसी कामाला येते: ब्लॉकलिस्टमध्ये फक्त तारा (*), म्हणजे सगळं बंद, आणि अलाउलिस्टमध्ये हव्या त्या साइट. विंडोज होममध्ये ग्रुप पॉलिसीची खिडकी मिळत नाही, पण रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतून) हेच करता येतं. दोन्ही ब्राउझरना वेगवेगळं करावं लागतं.

ही यादी पहिल्या दिवशी कधीच पुरी होत नाही. चलन भरताना पोर्टल बँकेच्या पानावर नेतं, बँक आणखी कुठल्या पत्त्यावर पाठवते, आणि मध्येच पांढरं पान येतं. कंपनी किंवा एलएलपी असेल तर रिटर्नवर डिजिटल सही डोंगलने, म्हणजे यूएसबीत लावायच्या किल्लीने, करावी लागते. त्यासाठीचं सॉफ्टवेअर ब्राउझरशी त्याच मशीनवर, १२७.०.०.१ या पत्त्यावरून बोलतं. खोटा प्रॉक्सी लावलेला असला आणि त्यातून हा पत्ता वगळला नसेल, तर सही अडकते आणि दोष बिचाऱ्या डोंगलला मिळतो. म्हणून यादीची चाचणी महिन्याच्या सुरुवातीला घ्या. ३बी या जीएसटी रिटर्नची तारीख मासिकवाल्यांना २०, तिमाहीवाल्यांना आपल्या मध्य प्रदेशात २२. त्या आठवड्यात सेटिंगला हात लावू नये.

राउटरवर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलणं हा सगळ्यात कमी मेहनतीचा उपाय, आणि फायदाही त्याच हिशेबाने. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ घातक आणि अश्लील साइट अडवतो, क्रिकेटचा स्कोअर नाही. ओपनडीएनएसमध्ये कॅटेगरी निवडता येतात, पण तो तुम्हाला तुमच्या बाहेरच्या आयपीवरून ओळखतो; बऱ्याच फायबर कनेक्शनमध्ये एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, तिथे हिशेब जमत नाही. शिवाय ब्राउझरमध्ये स्वतःचा सुरक्षित डीएनएस निवडला की राउटरचा नियम बाजूला पडतो. तो पर्यायही पॉलिसीने बंद करावा लागतो. शेठच्या मशीनसाठी आणि पाहुण्यांच्या वायफायसाठी एवढं पुरे. त्याहून कडक काही लावलं तर पहिला फोन शेठचाच येईल.

वरचं कुठलंही निवडा, कर्मचाऱ्यांच्या खात्याला अ‍ॅडमिनचा हक्क द्यायचा नाही. तो दिला की गेटवेपासून रजिस्ट्रीपर्यंत सगळं दोन मिनिटांत पूर्ववत करता येतं. आणि मोबाइल केबलने लावून नेट देणं गेटवे काढून किंवा राउटरच्या डीएनएसने थांबत नाही; तिथे फक्त फायरवॉलचा नियम आणि ब्राउझरची पॉलिसी टिकते. यूएसबी बंद करावं तर बारकोड स्कॅनरही बंद.

व्हॉट्सअ‍ॅप वेब बंद करायचं की नाही, हे मी ग्राहकावर सोडतो. ऑर्डरी त्यावरच येत असतील तर ती साइट यादीत टाका आणि त्रास वाचवा.

गोडाऊन दुकानापासून वेगळं, समजा पालद्याला असेल तर तिथला गेटवे काढून चालणार नाही, कारण तिथलं मशीन दुकानाच्या टॅलीला नेटवरूनच जोडलेलं असतं. तिथे मायक्रोटिकसारखा राउटर लावून त्या मशीनला फक्त दुकानाचा पत्ता मोकळा ठेवावा. मात्र त्यासाठी दुकानाला कायमचा आयपी विकत घ्यावा लागतो, आणि हा खर्च दर वर्षाचा.