सोनेरी प्लग, आतून पांढरी तार

दिवाळीत नवी स्पीकरची जोडी घेतली आणि वायर आणायला नागपूरच्या बर्डीवर गेलो. डोक्यात एकच खूळ होतं: बनाना प्लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवून स्पीकरमध्ये खुपसायच्या पिना हव्यात, त्याही सोन्याचा मुलामा दिलेल्या. दुकानात पाय ठेवताच मी हे बोलून दाखवलं आणि तिथेच बकरा झालो.

"उघड्या तारेनं आवाज मार खाते भाऊ. हे चोवीस कॅरेट आहे, डोळे मिटून घ्या," दुकानदार म्हणाला. दोन स्पीकरना आठ प्लग लागतात, नगाला साडेतीनशे, झाले 2,800. वर दहा मीटर वायर, 'प्युअर कॉपर, अडीच एमएम', मीटरला 120. एकूण 4,000 रुपये. मी प्लग तळहातावर घेऊन उजेडात फिरवून राहिलो होतो, वायरच्या गुंडाळीकडे नीट पाहिलंही नाही. बिल मागितलं तर "जीएसटी लागते ना भाऊ, काउन खर्च वाढवता?" म्हणत साध्या चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. मीही पैसे वाचले म्हणून खूश.

होळीच्या सुमारास डाव्या स्पीकरमधून खरखर सुरू झाली. प्लग हलवला की आवाज यायचा, हात काढला की गायब. एका रात्री तर ॲम्प्लिफायर टक् करून प्रोटेक्शनमध्ये गेला, म्हणजे जळू नये म्हणून स्वतःच बंद पडला. प्लगमधून निसटलेली तार शेजारच्या प्लगला टेकली होती.

वीज मंडळातून रिटायर झालेले शेजारचे काका आले. त्यांनी तारेचं टोक ब्लेडनं खरवडलं. लाल रंग निघून आत लख्ख पांढरं. "हे तांबं नाही बाप्पा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा लेप आहे."

तारेवर स्क्रू आवळला की दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू दबत जातं, पकड सुटते, शिवाय त्यावर चढणारा ऑक्साइड वीज वाहू देत नाही. खरखरीचं मूळ हेच. उरलेल्या सहा मीटरची गुंडाळी काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: वरच्या प्लास्टिकसकट 200 ग्रॅमही भरली नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या दोन तारा, सहा मीटर. नुसतं तांबंच पावणेतीनशेच्या आसपास भरायला हवं. दुकानात हातात घेऊन पाहिली असती तरी हलकी लागली असती. पण माझं सगळं लक्ष सोन्यात.

त्या सोन्याचंही ऐका. फ्रिजवरचं मॅग्नेट लावलं तर प्लग टपकन चिकटला. आत पितळ असतं तर चिकटला नसता. मुलाम्याखालच्या निकेलच्या पातळ थरानं फार तर किंचित ओढ जाणवते. म्हणजे आत लोखंड. आणि खरं सोनं असतं तरी काय? सोनं विजेला तांब्याहून कमीच वाहक आहे. त्याचा गुण एवढाच की ते काळवंडत नाही. पाच मीटरच्या वायरला आवाजाच्या दृष्टीनं उघडी तार पुरते, फक्त टोकं घट्ट पिळून तारेचा एकही बारीक धागा बाहेर राहू द्यायचा नाही. प्लगचा फायदा काढ-घाल सोपी होण्यात आहे.

दुकानात परत गेलो. "वापरलेला माल वापस होत नाही," एवढंच उत्तर. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे आणि बिलावर मुदत नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत न घेणंही. माझे चार महिने उलटून गेले होते आणि हातात दुकानाचं नावही नसलेली चिठ्ठी. तरी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न बिलाचाच.

मग इतवारीतून पक्क्या बिलावर तांब्याची वायर आणली, घेण्याआधी दुकानदारासमोरच टोक खरवडून पाहिलं. तो हसला, पण नाही म्हणाला नाही. स्पीकरच्या बाजूला उघडी तारच आवळली. ॲम्प्लिफायरच्या बाजूला मात्र चार साधे पितळी प्लग घेतले, कारण झाडताना आई दर आठवड्याला टेबल ओढते.

ते आठ सोनेरी प्लग फ्रिजवरच्या मॅग्नेटला लटकून आहेत. पाहुणे विचारतात, हे काय? आई सांगते, "चार हजाराचं तोरण."