घरात कुत्रा-मांजर असेल तर उंदरांसाठी पिंजरा की विषाची वडी?

खानापूर-बेळगावकडच्या कौलारू घरात सुगीचं भात आत आलं की मागोमाग उंदीरही येतात. दुकानात सहज हाती लागते ती ब्रोमॅडिओलोनची वडी. ती रक्त गोठू देत नाही. उंदीर मरायला चार-पाच दिवस जातात. तोवर सुस्तावलेला उंदीर मांजराने खाल्ला तर विष तिच्याही पोटात. कुत्र्याने वडीच चघळली तर दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही, मग हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते. लक्षणांची वाट न बघता वडीचं पाकीट घेऊन पशुवैद्याकडे जा; व्हिटॅमिन के१ वेळेत मिळालं तर जनावर वाचतं. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या उंदीरनाशकावर मात्र उतारा नाही, ते घरात आणूच नका.

म्हणून पिंजराच. घुशीचा नको, बारका उंदीर त्याच्या जाळीतून निसटतो. जाळी ६ मिलिमीटरपेक्षा बारीक हवी. भाजलेले शेंगदाणे गुळात कुटून गोळी करा आणि आकड्याला दोऱ्याने घट्ट बांधा, नुसती खोचली तर उंदीर ती अलगद ओढून नेतो. पिंजरा भिंतीला चिकटून, तोंड उंदरांच्या येण्या-जाण्याच्या वाटेकडे. रोज सकाळी बघा. कौलांखालच्या फटी सिमेंटने बुजवा.