नर्सच्या नोकरीची ऑर्डर देतो म्हणाला आणि ओरिजिनल मार्कशीटही घेऊन गेला

माझं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालंय, गाव दिंडोरी तालुक्यात. सहा महिने नाशिकमध्ये नोकरी शोधत होते. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बायोडाटा द्यायला गेले, तर केसपेपरच्या खिडकीपाशी एकाने विचारलं, "जीएनएम का, मॅडम?" गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. जाता-येता वॉर्डबॉय त्याला नमस्कार करत होते. तेवढ्यावर मी विश्वास ठेवला. मुलींनो, ओपीडीत कुणीही दिवसभर बसू शकतं, आणि रोज दिसणाऱ्या माणसाला सगळेच नमस्कार करतात.

"इन्स्पेक्शन येतंय, स्टाफ भरायचाय, जाहिरात निघणार नाही," असं तो म्हणाला. आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही हे पटेल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची तपासणी आली की कॉलेजं घाईघाईनं माणसं भरतात, हे आम्ही शिकत असल्यापासून ऐकतोय. त्याला हे पक्कं माहीत होतं.

आधी कागदपत्र पडताळणीचे ३,५०० रुपये घेतले, मग युनिफॉर्म आणि ट्रेनिंगच्या डिपॉझिटचे १८,०००. दोन्ही वेळा यूपीआयवर एका बाईचं नाव येत होतं. "अकाउंटंट मॅडमचं खातं आहे," म्हणाला. शेवटचे ४५,००० त्यानं सीबीएस बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर रोख घेतले. आप्पांनी द्राक्षांच्या पैशातून ते बाजूला काढले होते. तिथंच त्यानं माझी ओरिजिनल मार्कशीट आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही मागितलं. ते मी दिलं, याचं दुःख मला पैशांपेक्षा जास्त आहे.

दोन दिवसांनी ऑर्डर मिळाली. सोमवारी सकाळी आठला मी पांढरा युनिफॉर्म घालून हजर. नेमणुकांचं काम बघणाऱ्या आस्थापना विभागातल्या वयस्कर क्लार्कनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. तिन्ही पानांवर शिक्का अगदी सारखाच तिरका, शाई कुठंच पसरलेली नाही. "ताई, हा छापलेला शिक्का आहे. जावक क्रमांकही नाही." त्या आठवड्यात अशी ऑर्डर घेऊन आलेली मी तिसरी होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

लाजेपोटी मी अकरा दिवस घरी काही बोलले नाही. सगळ्यात मोठी चूक हीच. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला असता तर यूपीआयचे पैसे पुढच्या खात्यात गोठवता आले असते. मी फोन केला तोवर खातं रिकामं झालं होतं. रोखीचा तर काहीच पुरावा नाही. पोलिसांनी तक्रार घेतली, चॅट आणि ऑर्डर जमा केली.

आणखी एक. त्यानं म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातल्या ओळखीचंही नाव घेतलं होतं. ते विद्यापीठ परीक्षा घेतं, पदव्या देतं. संलग्न रुग्णालयांतल्या नर्सची भरती ते करत नाही. सरकारी रुग्णालयाची कायम पदांची भरती असेल तर जाहिरात निघते, परीक्षा होते, शुल्क पोर्टलवरच भरावं लागतं. खासगी कॉलेज असेल तर थेट आस्थापना विभागात जा आणि ऑर्डरचा जावक क्रमांक त्यांच्या रजिस्टरमध्ये बघायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. ओरिजिनल कागद दाखवा, पण हातातून सोडू नका.

ड्युप्लिकेट मार्कशीटसाठी मी अर्ज केलाय. ती येईपर्यंत कुठं इंटरव्ह्यूलाही जाता येत नाही. त्या माणसाचा नंबर बंद आहे, पण गेल्या आठवड्यात सातपूरच्या एका मुलीनं तशीच ऑर्डर मला पाठवली. शिक्का तोच, तसाच तिरका. तिनं अजून पैसे दिलेले नव्हते.