टिळकवाडीतला रेस दाखवणारा कॅफे: पडदा झकास, कॉफी पातळ

उद्यमबागेत आठवडाभर लेथवर मान मोडून काम करणाऱ्याला रविवारी फॉर्म्युला वन मोठ्या पडद्यावर बघायला मिळणं म्हणजे चैनच की! प्रोजेक्टर स्वच्छ, आणि आवाज असा की गिअर बदललेला छातीत कळतो. सौदी अरेबियातल्या जेद्दाची शर्यत आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू झाली, तरी मालकांनी शटर ओढलं नाही. सँडविच बरं. कॉफी पातळ.

खरं भिंतीवरचं ते जेद्दाचं भलंमोठं पोस्टर डोळ्यांत खुपतं. बायकांनाही गाडी चालवू द्या म्हणणाऱ्या लुजैन अल-हथलूलला सौदीनं २०१८ मध्ये आत टाकलं, तेही बंदी उठायला थोडेच आठवडे उरले असताना. मार्च २०२२ मध्ये एकाच दिवशी ८१ जणांना देहदंड दिला आणि दोन आठवड्यांनी तिथंच गाड्या पळवल्या. कडेला सौदीच्या सरकारी तेल कंपनीच्या, अरामकोच्या, पाट्या झळकतच होत्या.

मालकांना बोललो, तर म्हणाले, "साहेब, खेळात राजकारण कशाला?" मग युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियातली शर्यत रद्द कशी झाली हो? तेव्हा जमलं, तेलवाल्यांपुढं मात्र बोबडी वळते. बहारीनमध्ये २०१२ ला बाहेर निदर्शनं चालू असतानाच शर्यत उरकली होती.

बघायचं मी सोडलेलं नाही, सुटत नाही. ड्रायव्हर हॅमिल्टननं जेद्दात समलिंगींच्या पाठिंब्याचं इंद्रधनुषी हेल्मेट घालून निदान काहीतरी केलं; तुम्ही पोस्टर तरी उतरवा.

गाडी रस्त्यावरच लावावी लागते, लवकर जा. चार तारे.