टर्किश मांती घरी करायची तर: पाण्यातली की ट्रेमधली?

मांती, म्हणजे पातळ पिठाच्या चौकोनात खिमा भरून केलेली छोटी पुरचुंडी, घरी करायचं ठरवलं की सारणापेक्षा आधी शिजवण्याचा प्रश्न सोडवावा लागतो. तुर्कस्तानातल्या कायसेरी शहराची प्रसिद्ध मांती बोटाच्या पेराहून लहान असते. चारही कोपरे वर घेऊन मिटतात आणि पाण्यात शिजवतात. तिची दुसरी तऱ्हा ट्रेमधली. तुर्कस्तानात ती तेप्सी मांती, आर्मेनियन घरांत सिनी मांती. दोन टोकं चिमटलेली आणि पोट उघडं ठेवलेली ही छोटी होडी गोल ट्रेमध्ये दाटीने मांडायची, ओव्हनमध्ये भाजायची आणि वर गरम स्टॉक ओतायचा. (काही घरी ट्रेमधलीही पूर्ण मिटून करतात, पण इथे उघड्या होडीबद्दलच बोलू.) लसणीचं दही, मिरचीचं लोणी, वाळलेला पुदिना आणि सुमाक (आंबट, लालसर फळांची पूड) दोन्हींवर सारखंच पडतं. मध्य आशियातली वाफेवरची मोठी मांती हा वेगळा विषय.

पाण्यातलीच तेवढी अस्सल, असं कुणी ठासून सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. 15 व्या शतकातल्या उस्मानी पाककृतीत मांती वाफेवर शिजवलेली सापडते, आत कोकराच्या खिम्याबरोबर भरडलेले हरभरे असतात.

पीठ दोन्हींना एकच. 300 ग्रॅम मैदा, 1 अंडं, 1 छोटा चमचा मीठ, आणि पाणी 90 ते 110 मिली. पाणी बेताबेताने घाला. पुरीच्या पिठापेक्षा घट्ट हवं, सुरुवातीला मळताना मनगट दुखलं तर बरोबर चाललंय. 8-10 मिनिटं मळून झाकून किमान अर्धा तास ठेवा. न मुरलेलं पीठ लाटताना मागे सरकतं, आणि मग आपण पिठी जास्त भुरभुरवतो. तिथून पुढचा सगळा त्रास सुरू होतो. कणीक मिसळायचा मोह टाळा. कोंड्यामुळे इतकी पातळ पोळी काठाला तुटते. पिठाचे 3-4 गोळे करा, एक लाटताना बाकीचे ओल्या फडक्याखाली. तुर्की घरांत ओकलावा नावाचं लांब, बारीक लाटणं असतं. आपलं साधं लाटणं चालतं, फक्त पोळी पोळपाटाबाहेर जाणार, म्हणून ओट्यावरच लाटा. जाडी दीड मिलिमीटरच्या आत.

सारण साधं असतं: खिमा, किसलेला कांदा, मीठ, मिरी, वाटल्यास थोडी पार्सली. तिकडे गाईचं किंवा मेंढीचं मांस घेतात. आपल्याकडे बोकडाचा खिमा छान चालतो, खाटकाला दोनदा काढून द्यायला सांगा. गरम मसाला आणि आलं-लसूण यांना आत प्रवेश नाही. लसूण दह्यात येणारच आहे.

आता फरक सुरू होतो. पाण्यातल्या मांतीसाठी चौकोन 2 सेंटीमीटरचे, ट्रेसाठी 3 सेंटीमीटरचे. दिसायला एक सेंटीमीटरचा फरक, पण क्षेत्रफळ सव्वादोन पट. एवढ्याच पिठातून पहिल्या प्रकाराचे सहाशे-सातशे तुकडे निघतात, दुसऱ्याचे तीनशेच्या आसपास. कायसेरीत एका चमच्यात चाळीस मावल्या पाहिजेत असं सांगतात. तो मान तिथल्या बायकांचा, कारण त्या मिळून बसतात: एक लाटणार, एक कापणार, बाकीच्या भरणार आणि मिटणार. एकट्याने 2 सेंटीमीटरचं काम अंगावर घेतलं तर संध्याकाळ त्यातच जाते.

वेळेचं मात्र एकवेळ चालवून घेता येतं. तोल झुकवतं ते मिटणं.

पोळी कापली की चौकोनाच्या कडा लगेच वाळायला लागतात. पंखा चालू असेल तर पाच-सात मिनिटांत. माझा हात मिनिटाला आठ-दहा मांती मिटतो. सरावलेला दीडपट मिटेल असं धरलं तरी एका पोळीचे दीडशे चौकोन व्हायला दहा मिनिटं लागतात. म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर तिथलं पीठ चिकटायचं बंद झालेलं असतं. पाण्याचं बोट लावलं तर कड निसरडी होते, ओलं फडकं टाकलं तर चौकोन त्यालाच चिकटतात. त्यावर उपाय एकच, सगळे चौकोन एकदम न कापणं: पट्ट्या कापून झाकून ठेवायच्या आणि एकेक पट्टी घेऊन चौकोन पाडायचे. वरची पिठीही कोरड्या ब्रशने झटकायची, कारण दोन कडांमध्ये पिठी राहिली की त्या नुसत्या जवळ येतात, जुळत नाहीत.

तरीही खरी वैतागाची गोष्ट पुढे आहे. न जुळलेली मांती ताटात अगदी मिटलेलीच दिसते. ती उघडते उकळत्या पाण्यात, आणि तिथे हात घालता येत नाही. खिम्याचे कण वर येऊन फेस धरतात, पाणी गढूळ होतं, आणि उघडलेल्यांचं पीठ सुटून बाकीच्या चांगल्या मांतींवर त्याचा लगदा बसतो. शंभरात दहा सुटल्या तरी पूर्ण पातेलं तसं दिसतं. तपासायचं असेल तर आधी पाच-सहा मांती वेगळ्या पाण्यात शिजवून बघा. त्या टिकल्या तर निदान हात कुठे चुकत नाही ना एवढं कळतं, पण तासाभराने केलेल्या मांतींची हमी त्यातून मिळत नाही.

होडीत ही भानगड नाही. चौकोन डाव्या हाताच्या बोटांवर घ्यायचा, मध्ये भिजलेल्या छोल्याएवढं सारण, समोरासमोरच्या दोन कडा वर उचलायच्या आणि फक्त दोन टोकं चिमटायची. पोट उघडंच. टोक धरलं की नाही ते हातातच कळतं, नाही धरलं तर पुन्हा चिमटा. आणि ट्रेमध्ये एखादी सुटली तरी शेजारच्या तिला दाबून धरतात, खिमा जिथल्या तिथे भाजतो. नुकसान काहीच नाही.

सारणही यामुळे बदलतं, आणि बऱ्याच कृतींत हे नीट सांगितलेलं नसतं. पाण्यातल्यासाठी 120 ग्रॅम खिमा पुरतो, हरभऱ्याच्या दाण्याएवढाच गोळा मावतो. त्यातला कांदा किसून मुठीत घट्ट पिळायचा आणि मीठ भरायला बसताना घालायचं. आधी घातलं तर कांदा-खिम्याला पाणी सुटतं आणि ते कडांना लागतं. ट्रेसाठी 200 ग्रॅम खिमा लागतो आणि कांदा हलकाच पिळायचा, कारण उघड्या तोंडातून ओव्हनमध्ये ओलावा उडून जातो. इथे कोरडा कांदा घातलात तर खिमा भुशासारखा लागतो. खिमा अगदी बिनचरबीचा असेल तर चमचाभर वितळलेलं लोणी मिसळा.

पाण्यात शिजवताना पातेलं मोठं हवं. 3-4 लिटर पाणी, लिटरला 10 ग्रॅम मीठ, खळखळून उकळी. निम्म्याच मांती एका वेळी सोडा, झाऱ्याच्या पाठीने तळ एकदा हलवा. वर आल्या म्हणजे झाल्या असं नाही. त्यानंतर आणखी 3-4 मिनिटं लागतात, कारण चार कोपरे जिथे भेटतात तिथली गाठ सगळ्यात जाड असते. ती चावून बघा. आत पांढरट रेघ दिसली तर अजून कच्ची आहे. कायसेरीकडे टोमॅटोची साल्चा, म्हणजे घट्ट पेस्ट, घातलेल्या पाण्यात शिजवून त्या रश्श्यासकटही वाढतात. पीठ सुटून थोडं दाट झालं तर तिथे ते खपून जातं, म्हणून पाण्यातलीच करायची असेल तर पहिल्यांदा ही तऱ्हा धरा.

ट्रेमधली शिजवायला सोपी आहे, पण तिचंही एक दुखणं आहे. 28-30 सेंटीमीटरचा धातूचा ट्रे लोण्याने माखा, होड्या तोंडं वर करून बाहेरून आत गोल मांडा, वर 40 ग्रॅम वितळलेलं लोणी शिंपडा. 200 अंशांवर मधल्या खणात 25 ते 30 मिनिटं. टोकं बदामी व्हायला हवीत. फिकट काढल्या तर स्टॉक पडताच गिळगिळीत होतात. मग 400 मिली उकळता स्टॉक, त्यात मोठा चमचाभर टोमॅटो पेस्ट, कडेकडेने ओता. होड्यांच्या निम्म्या उंचीपर्यंतच. पुन्हा 8-10 मिनिटं ओव्हनमध्ये. पाया मऊ, टोकं कुरकुरीत, हे साधलं की झालं. काचेचा ट्रे वापरू नका, गरम काचेवर रस्सा ओतताना तडा जाऊ शकतो. दुखणं असं की घरगुती छोट्या ओव्हनमध्ये मागची बाजू आधी लाल होते. अर्ध्या वेळेला ट्रे फिरवावाच लागतो, आणि तीनशे होड्या एका ट्रेत सहसा मावत नाहीत, दोन खेपा कराव्या लागतात. ज्यांच्याकडे ओव्हनच नाही त्यांच्यासाठी हा लेख इथेच निकाली निघतो: पाण्यातली करा, 2 ऐवजी अडीच सेंटीमीटरचे चौकोन कापा आणि चमच्यात चाळीस विसरून जा.

चवीचं म्हणाल तर माझं मत थोडं एकांगी असू शकतं. पाण्यातली रेशमी लागते, तिचं पीठ आणि दही एकजीव होतं, आणि ती बारीक झाली की जी नजाकत येते ती ट्रेमधल्या मांतीला नाही. नीट मिटता येत असेल आणि घरात हाताला हात लावणारी आणखी दोन माणसं असतील तर तिलाच पहिला मान द्यायला माझी हरकत नाही. पण एकट्याने, आठवड्यातल्या सुटीच्या दिवशी, चार माणसांना जेवायला घालायचं असेल तर मी ट्रे काढतो. भाजलेल्या मैद्याचा आणि लोण्याचा वास हा वरचा फायदा.

साठवणुकीतही ट्रे थोडी पुढेच. कच्ची मांती फ्रीजमध्ये रात्रभर ठेवायची नाही. सारणाचा ओलावा पिठात उतरतो आणि सकाळी खालची बाजू थाळीला चिकटलेली असते. पाण्यातली लगेच ताटात सुटी मांडून फ्रीझरमध्ये घट्ट करा, मग पिशवीत भरा, आणि न वितळवता थेट उकळीत सोडा, वेळ 3-4 मिनिटं जास्त. होड्या मात्र स्टॉकशिवाय भाजून, गार करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. ऐनवेळी 10 मिनिटं गरम करून स्टॉक ओतला की काम झालं.

दह्याची तयारी दोन्हींना आधीच करून ठेवा. 500 ग्रॅम दही तासभर टांगा, किंवा घरात चक्का असेल तर थोड्या पाण्याने सैल करा. गोड दहीच हवं. 2 लसूण पाकळ्या मिठाबरोबर ठेचून त्यात. फ्रीजमधून काढलेलं थंडगार दही घालू नका, ताट दोन मिनिटांत निवतं. 50 ग्रॅम लोणी वितळवून फेस बसला की आच बंद करा, आणि मगच चमचाभर मिरचीचे जाड कण. तुर्कस्तानातल्या मराश किंवा आंतेपकडची तेलकट, मंद तिखट पुल बिबेर मिळाली तर उत्तम, नाहीतर काश्मिरी मिरची बिया काढून भरड कुटा. चालू आचेवर मिरची काही सेकंदांत काळी पडते आणि कडवटपणा दह्यातही उतरतो. सुमाक ऑनलाइन मिळतं, आणि त्याच्या जागी लिंबू पिळू नका, दही पातळ होतं. ट्रेमधल्या मांतीवर दही ताटात वाढल्यावरच घाला, ट्रेमध्ये नाही: उरलेल्या होड्या दह्याशिवाय दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये पुन्हा गरम होतात, दह्यासकट होत नाहीत.