एसकेएस ब्लूमेल्स मडगार्ड, ४५ मिमी: जुन्या टूरिंग सायकलवर

ठाण्याच्या पावसात घोडबंदर रोडवर रोज चालवायची असेल, तर हे मडगार्ड घ्याच. आत ॲल्युमिनियमची पट्टी, वर प्लास्टिक. त्यामुळे खाडीच्या खाऱ्या हवेत पत्र्यासारखं गंजत नाही. टायर ३५ मिमीपर्यंतच ठेवा.

खरी कसरत कॅरियरसोबत होते. जुन्या फ्रेमला मागच्या चाकाजवळ एकेका बाजूला बहुधा एकच आटेवालं भोक असतं. तिथे आधी कॅरियरचा पाय फ्रेमला चिकटवा, त्याच्या बाहेर मडगार्डला धरून ठेवणारी तार. उलटं केलंत तर वजनाने बोल्ट वाकतो. एम५ (५ मिमी जाडीचा) बोल्ट थोडा लांब लागेल, पण चेनच्या बाजूला त्याचं टोक आत डोकावलं, तर चेन सगळ्यात लहान दातेरी चक्रावर असताना त्या टोकाला घासते. चाक फिरवून बघा, मगच ४ मिमी ॲलन कीने आवळा. आत जागा असेल तर नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा) हवाच, नाहीतर खड्ड्यांत बोल्ट सैल होतो.

टायर आणि मडगार्डमध्ये सगळीकडे साधारण १० मिमी अंतर ठेवा. पुढच्या तारांच्या क्लिपा काहीतरी अडकलं की सुटतात, चाक जाम होत नाही. यासाठीच चार पैसे जास्त द्यावेत.